बर्फाच्या डब्याला खिडकी नसते

सन्माननीय अध्यक्ष नानासो, मिरजेहून वाट वाकडी करून आलेले आदरणीय प्रमुख पाहुणे, ‘रूळसोबती’ मंडळाचे चिटणीस पुष्कर, मंडळाचे सर्व सभासद, या सभासदांचा छंद मुकाट्याने सोसणारी त्यांच्या घरची माणसं, आणि समोर बसलेल्या माझ्या सांगलीकर बंधू-भगिनींनो,

निरोपाच्या समारंभात ज्याला निरोप द्यायचा त्याने चार शब्द बोलावेत, असा रिवाज आहे. आज ज्यांच्या खांद्यावर आपण शाल घातली, ते माझे यजमान अनंतराव बोलणार नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. विसरण्याचा आजार आहे त्यांना. म्हणून मला सांगण्यात आलं, ‘शरयूकाकू, काकांच्या वतीने तुम्ही दोन शब्द बोला.’ पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या वतीने बोलायची माझी ही पहिली वेळ. आजवर तशी संधी त्यांनी कधी दिली नव्हती.

सत्काराबद्दल आभार मानते. हाराची फुलं ताजी होती, शाल मऊ आहे, आणि नानासोंचं भाषण तर फारच सुंदर झालं. त्या भाषणाकडे मी येणारच आहे. मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, आणि ते बोलायला मला भीती वाटते आहे. म्हणून आधी जरा इकडचं तिकडचं सांगते, सांभाळून घ्या.

जे आज पहिल्यांदाच आले आहेत त्यांच्यासाठी सांगते. आमचं हे मंडळ जुन्या रेल्वेच्या डब्यांच्या लहान प्रतिकृती करतं. दर रविवारी आमच्या मागच्या खोलीत ही मंडळी जमायची. कुणी बँकेत, कुणी कारखान्यात, पुष्कर स्वतः इंजिनिअर. बाकीच्यांना इंजिनांचं वेड. ह्यांना मात्र डब्यांचं, आणि त्यातही एकाच डब्याचं. जन्मभर मिरजेला रेल्वेचे डबे तपासण्याचं काम केलं होतं ना. नोकरीला लागले तेव्हा मिरजेच्या छोट्या रेल्वेवर बर्फाच्या डब्यातून दूध जायचं. लाकडाच्या दुहेरी भिंती, मध्ये बुचाचा जाड थर. दोन्ही टोकांना बर्फाचे हौद, ते छपराच्या झाकणांतून भरायचे. वितळलेलं पाणी खालच्या नळ्यांतून रुळांवर गळायचं. मधल्या जागेत दुधाचे कॅन. हे सगळं मला का पाठ आहे, असं विचारू नका. दळण आणायला पाठवलेला माणूस गिरणीत बर्फाच्या हौदाचं वर्णन करत उभा राहतो, तेव्हा बायकोचं आपोआप पाठ होतं.

पण त्या डब्याची प्रतिकृती करायची कशावरून? नकाशा कुठे मिळेना. फोटो मिळाला तो एकच, एका वरातीचा. त्यात नवरदेवाच्या फेट्यामागे डब्याचा एक कोपरा. सहा महिने ह्या मंडळींनी त्या फेट्याला शिव्या दिल्या.

आणि इथे ह्यांचा नियम आड यायचा. सभासदांना तो चांगला माहीत आहे. डब्यावर एक खिळासुद्धा कल्पनेने मारायचा नाही. एकतर तो मूळ डब्यावर दिसला पाहिजे, नाहीतर फोटोत, नाहीतर कुणीतरी टेबलावर हात ठेवून म्हटलं पाहिजे, ‘मी पाहिलंय.’ एकदा हात ठेवून म्हटलं की ते मान्य, त्यावर चर्चा नाही. आणि कुणी म्हणालं, ‘असं असेल’, तर संपलंच. ‘असेल’ हा शब्द आमच्या मागच्या खोलीत कुणी उच्चारत नसे.

पुष्करने पहिल्यांदा एक कच्चा नमुना दुधाचा डबा म्हणून पांढराशुभ्र रंग देऊन आणला, ती गंमत सांगते. ह्यांनी विचारलं, ‘पुढे इंजिन कोळशाचं ना? मग काजळी कुठंय?’ बिचारा पुढच्या रविवारी काजळी लावून घेऊन आला. हे म्हणाले, ‘ही अशीच बसायची, हे कुणी पाहिलं?’ त्याने पुन्हा पांढरा केला. तेव्हा म्हणाले, ‘आता हा गोठ्यासारखा दिसतो.’ पुष्कर चार रविवार आला नाही. पाचव्या रविवारी मी पोह्यांचं आमिष दाखवून त्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता हो, फक्त खोटं सहन होत नसे, दोराभरसुद्धा.

असा माणूस आजारी पडला.

सुरुवातीला माझ्या लक्षातच आलं नाही. हे मला ‘बाई’ म्हणू लागले. मी शाळेत शिक्षिका होते, निम्मी सांगली मला बाई म्हणते, त्यामुळे महिनाभर मी थट्टाच समजले. मग एक दिवस मला म्हणाले, ‘बाई, तुमच्या घरचे वाट बघत असतील, तुम्ही निघा आता.’ तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, हात चालू ठेवा, जुनं आठवतंय तोवर बोलतं ठेवा. मंडळाने ते मनावर घेतलं. मी मंडळाची ऋणी आहे, हे मनापासून सांगते. वर्षभर दर रविवारी ही माणसं येऊन ह्यांच्यासमोर बसली, ह्यांनी सांगितलं तसं लाकूड कापलं. हौद किती खोल, कडी कोणत्या बाजूला, दाराच्या कडेला फट बुजवायला लोकरीचा नमदा कसा. हे सांगायचे आणि बरोबर सांगायचे. आज सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण बर्फाच्या झाकणाची बिजागरी आठवे.

आणि एका रविवारी ह्यांनी सांगितलं, डब्याच्या कुशीला खिडकी होती. लहान, चौकोनी, तीन गजांची. दोन गज सरळ, तिसरा वाकलेला. वाक बाहेरच्या अंगाला.

आता मला सांगा, बर्फाच्या डब्याला खिडकी कशी असेल? सहावीतल्या मुलीनेसुद्धा विचारलं असतं, ‘बाई, मग गार कसं राहणार?’ पण खोलीत बसलेल्या सात हुशार पुरुषांपैकी एकानेही विचारलं नाही. का? कारण ह्यांनी टेबलावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘मी पाहिलंय.’ नियम तो नियम. पुष्करने तार मेणबत्तीवर तापवली आणि ह्यांनी दाखवला तसा बरोबर वाक दिला.

मी चहा घेऊन आले होते. मी तो गज पाहिला आणि कपबश्यांचा ट्रे तसाच आत घेऊन गेले.

अध्यक्षमहोदय, मला दिलेली वेळ संपत आली असेल. घड्याळाकडे बघू नका, आज मला बोलू द्या. परवा आम्ही वाईला माझ्या माहेरी राहायला जातोय, आणि मग ह्या सभागृहात मी कधी उभी राहणार?

तो गज मी ओळखला. मी तो कधी पाहिला नव्हता, पण सासूबाईंकडून ऐकला होता. लग्नानंतरची पहिली नागपंचमी. आदल्या दिवशी भावाचा उपवास असतो, तो मी माझ्या भावासाठी धरला होता. सहज विचारलं, ‘ह्यांच्यासाठी कोण धरतं हो उपवास? ह्यांना बहीण नाही का?’ सासूबाई कणीक मळत होत्या. त्या थांबल्या, आणि एकदाच, पुन्हा कधीही नाही, त्यांनी सांगितलं.

सासरे कोयनानगरला धरणाच्या कामावर होते. दगडी भिंतींची दोन खोल्यांची जागा. हे तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, आणि धाकटी बहीण सात वर्षांची. सदुसष्ट सालच्या भूकंपात पहाटे ते घर बसलं. सासू-सासरे पुढच्या खोलीतून बाहेर पडले. ही दोघं मागच्या खोलीत होती. शेजाऱ्याने पहार घालून खिडकीचा कडेचा गज बाहेर ओढून वाकवला आणि ह्यांना बाहेर काढलं. ह्यांनी लगेच वळून आत हात घातला. बहिणीची बोटं हाताला लागली होती म्हणे. मग पुन्हा जमीन हलली.

सासूबाई म्हणाल्या, ‘त्याच्यापुढं हा विषय कवा काढू नगंस.’ मी शब्द दिला आणि पाळला. ह्यांनीही पंचेचाळीस वर्षांत तिचं नाव काढलं नाही. घरात तिचा फोटो नाही. कोयनेकडच्या रस्त्याने आम्ही कधी गेलो नाही.

म्हणजे ह्यांनी खोटं सांगितलं नाही. ह्यांनी पाहिलंच होतं. फक्त ते डब्यावर नव्हतं.

आता मी काय करावं? सासूबाईंना दिलेला शब्द होता. म्हणून मी ठरवलं, मूळ डब्यालाच बोलू द्यावं. कवठेमहांकाळच्या पुढे एका वस्तीवर असा एक जुना डबा शेळ्या कोंडायला वापरतात, हे माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितलं होतं. रंग बघायच्या निमित्ताने मी पुष्करला घेऊन गेले. तिथल्या बयाबाई मोठ्या अगत्याच्या. ताक दिलं, घोंगडं अंथरलं, आणि पुष्करने खिडकी कोणत्या बाजूला होती असं विचारल्यावर त्याच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘खिडकी? ह्याला? आवं, मुंगी शिरंल येवडी फट न्हवती. शेरडं आत गुदमराया लागली, म्हून आमच्या मालकानं दार निम्मं कापलं. खिडकी कवाच न्हवती.’ पुष्करने दोन्ही बाजूंच्या फळ्या चाचपल्या. सगळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड.

परत येताना मिरज आल्यावर तो म्हणाला, ‘काकू, बंद करतो मी ती. काकांनाही चूक चालली नसती.’ त्याच आठवड्यात खिडकीच्या मापाची फळी कापून त्याने मला आणून दाखवली.

मी सुटले, असं मला वाटलं. का वाटलं, ते आज सांगते. ती खिडकी बसली त्या दिवसापासून आमच्या घरात रोज दिवेलागणीला काय होत होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. हे त्या डब्यासमोर बसायचे. गजांच्या मधून बोट आत घालायचे आणि म्हणायचे, ‘हात दे. हात दे ना.’ हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं. मग आवाज चढायचा. बोट तारेवर घासून रक्त यायचं. मी पट्टी बांधायची, हे ती काढून पुन्हा बोट घालायचे. मला ओळखत नाहीत, त्यामुळे माझं ऐकायचं तरी कुणी? मी धरायला गेले की मला ढकलायचे. एकदा मी पडले. शेजाऱ्यांना मी सांगितलं, फरशी ओली होती.

मंडळी, मी देवापुढे दिवा लावायचं सोडलं. दिवा लागला की हे उठायचे.

शेवटी पुष्करला म्हटलं, डबा तू घेऊन जा, मिरजेच्या प्रदर्शनाला पाठवायचा आहे ना, मग फळी बसवायचं आणि रंगाचं काम तिकडेच कर. डबा घरातून गेला आणि आठवड्याभरात हे शांत झाले. जेवायला लागले. संध्याकाळी अंगणात बसायला लागले. मी पुन्हा दिवा लावला. वाईला जायचं ठरवलं ते या भरवशावर.

आणि आज इथे, शाल आणि नारळानंतर, पडदा बाजूला झाला. नानासो, तुम्ही फार प्रेमाने बोललात. तुम्ही म्हणालात की डबा प्रदर्शनाला न पाठवता तो काकांनाच भेट द्यायचं मंडळाने ठरवलं, आणि गोड धक्का म्हणून ते आमच्यापासून गुपित ठेवलं. पुढे म्हणालात, खिडकी चुकीची आहे हे आम्हाला कळलं आहे, पण मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच आम्ही नियम मोडून ती तशीच ठेवली, कारण ती आमच्या अनंतरावांची आठवण आहे. खाली पितळी पाटीसुद्धा लावलीत. ‘दुधाचा डबा. प्रत्यक्षदर्शी : अनंत.’ सगळ्या सभागृहाने दाद दिली. काहींनी डोळे पुसले, मी बघत होते.

तुमच्या मनात काय होतं ते मला कळतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, हेही कळतं. पण मी पदर पसरून सांगते, ही भेट मला घरी नेता येणार नाही. शाल घेते, नारळ घेते, हा डबा नको. पहिल्या रांगेत बसलेल्यांना दिसत असेल, डबा मांडीवर ठेवल्यापासून ह्यांचं उजवं बोट कुठे आहे ते. अजून आवाज चढलेला नाही. चढेल. वाईच्या घरात मी आणि हे, दोघंच असणार आहोत. मी सत्तरीची बाई आहे. मला आता ओढाताण जमत नाही. मला झोप लागत नाही. मला ह्यांची भीती वाटते, आणि ज्या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही त्याची भीती वाटते याची लाज वाटते. हे भर सभेत सांगावं लागतंय, याचीही.

आणि नुसतं माझ्यासाठी म्हणत नाही. जो माणूस चुकीच्या जागी लावलेली कडी चालवून घेत नव्हता, त्याच्या नावावर तुम्ही खिडकीवाला बर्फाचा डबा ठेवणार? त्याला आता कळत नाही म्हणून? कळत होतं तेव्हा तुमच्यातल्या कुणाची हिंमत झाली असती? माया करायची तर ह्यांच्यावर करा, ह्यांच्या आजारावर नको.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. विनंती कसली, हट्ट आहे. ती खिडकी आत्ता बंद करा. पुष्कर, ती फळी तुझ्या पेटीत आहे, मला माहीत आहे, तू काही टाकून देत नाहीस. ये वर. सगळ्यांच्या देखत बसव. खिडकी नसली की हे बोट घालणार नाहीत, आणि मग मी डबा आनंदाने नेईन, कपाटावर ठेवीन, आल्यागेल्याला दाखवीन. नानासो, तुमची परवानगी गृहीत धरते. ये रे, घाबरू नकोस. बस त्यांच्यासमोर खाली. अहो, जरा बोट बाहेर घ्या. पुष्कर आहे, आपला पुष्कर. घ्या ना बाहेर.

थांब. पुष्कर, थांब जरा.

मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगते. ह्यांनी खिडकीवर तळहात धरला आहे. पुष्करला म्हणाले, ‘बुजवू नगंस रं. राणी आत हाय अजून.’

हेच नाव सासूबाईंनी मला सांगितलं होतं. ह्यांच्या तोंडून मी ते आज पहिल्यांदा ऐकलं.

थोडं पाणी द्या मला.

पुष्कर, ती फळी पेटीत ठेव. नाही, रडू नकोस, जा खाली, जागेवर बस. आत्ता मी जे मागितलं ते परत घेते. मला वाटत होतं, मी एक चूक दुरुस्त करायला सांगते आहे. पण आत मूल आहे म्हणतात ते. आणि फळी मारायला मी सांगितली.

डबा आम्ही नेतो. प्रवासात मांडीवर घेतो. संध्याकाळी मी शेजारी बसेन. ह्यांच्या बोटांना कापडाची पट्टी आधीच गुंडाळून ठेवीन. मला हे झेपेल, असं मी म्हणणार नाही. झेपणार नाही असंच वाटतंय. माझा भाऊ वाईतच आहे, त्याला येऊन बसायला सांगेन, आणि तुमच्यापैकी कुणाला रविवारी सवड झाली तर वाई काही फार लांब नाही.

दोन कामं मात्र मंडळाने करावीत. प्रदर्शनासाठी नवीन डबा करा, बयाबाईंच्या डब्याची मापं घेऊन, अखंड फळ्यांचा. आणि ह्या पाटीवरचे ‘दुधाचा डबा’ हे शब्द आजच खरवडून काढा. ते चूक आहेत, आणि चुकीची पाटी ह्यांनी एक दिवस ठेवली नसती. त्याच्याखाली ‘प्रत्यक्षदर्शी : अनंत’ लिहिलंय, ते राहू द्या. ते बरोबर आहे.

अध्यक्ष नानासोंचे, पाहुण्यांचे, मंडळाचे आणि तुम्हा सर्वांचे मी आभार मानते. समारंभ तुम्ही आमच्या सुखासाठी केलात आणि मी त्यात आमच्या घरातलं सगळं तुमच्यापुढे ओतलं. बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल, काही वाकडं बोलले असेन, तर पोटात घाला. एवढं बोलून मी ह्यांच्याजवळ जाऊन बसते. टाळ्या मात्र वाजवू नका. आवाजाने हे दचकतात.